प्रश्नावलीत ‘पाच वेळा नमाज’ लिहिण्याआधी

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. ‘विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची इस्लामी आणि इराणी जीवनशैली’ हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. पुण्यात शिकणारे काही इराणी विद्यार्थी आणि त्यांच्या ओळखीतले तेहरानमधले काही, अशांकडून चाळीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेणार आहे. पहिलाच प्रश्न ‘तुम्ही दिवसातून पाच वेळा नमाज पढता का?’ असा आहे. ही मुलं खरोखर अशी जीवनशैली पाळतात का? आणि प्रश्नावलीत काय बदलावं?

उत्तर : मी फारसी शिकवते आणि फारसीतून भाषांतरं करते. 2001-02 हे वर्ष तेहरानमधल्या एका मुलींच्या वसतिगृहात काढलं. नंतर पुण्यात शिकायला येणाऱ्या इराणी मुलामुलींची कागदपत्रं, घरमालकांशी करायचे भाडेकरार, दवाखान्यात दुभाषाचं काम, असं बरंच काही वर्षानुवर्षं केलं. तुमची प्रश्नावली दोनदा वाचली. मेहनत दिसते आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

पहिल्या प्रश्नापासूनच गाडी चुकीच्या रुळावर जाते. इराणमध्ये बहुसंख्य लोक शिया आहेत. नमाजा त्यांच्याही पाचच, पण दुपारच्या दोन जोडून पढतात आणि संध्याकाळ-रात्रीच्या दोन जोडून. त्यामुळे दिवसातून तीन वेळा नमाजाला उभं राहायचं. तेहरानमध्ये अजानही तीनदाच ऐकू येते. आता माझ्या खोलीतल्या मुली तुमच्या प्रश्नाला काय उत्तर देतील पाहा. इस्फहानची मुलगी पहाटे कधी चुकायची नाही. सिजदा करताना कपाळ टेकायला मातीची छोटी वडी लागते, तिला ‘मोहर’ म्हणतात (आपली मोहोर तीच, शिक्का या अर्थाची). ती वडी उशाखाली ठेवूनच झोपायची. ही मुलगी प्रामाणिकपणे लिहील, ‘नाही, तीन वेळा.’ तुमच्या गुणांकनात ती कमी धार्मिक ठरेल. जाहेदानची मुलगी बलुच, म्हणजे सुन्नी. ती हात बांधून, मोहर न ठेवता, पाच वेळा पढायची. ती लिहील ‘हो.’ तिसरी शिराजची. ती नमाज पढत नसे, पण रमजानचे रोजे एकही न सोडता धरायची आणि मोहरम लागला की अंगावर काळ्याशिवाय दुसरा रंग नाही. ती कुठल्या रकान्यात बसवणार? या तिघींमधला फरक धार्मिकतेच्या कमी-जास्तीचा आहे की पंथाचा, घराचा, गावाचा, हे तुमच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

आता तुमच्या विषयातला ‘इस्लामी-इराणी जीवनशैली’ हा शब्दप्रयोग, फारसीतला. ‘सब्के जेंदेगी-ये एस्लामी-ईरानी’ हे काही विद्यार्थ्यांच्या तोंडचे शब्द नव्हेत, सरकारी आणि विद्यापीठीय परिभाषा आहे. ‘सब्क’ म्हणजे शैली. आम्हा फारसीवाल्यांना तो शब्द कवितेमुळे माहीत असतो. मोगल काळात हिंदुस्थानात बहरलेल्या फारसी काव्यशैलीला ‘सब्के हिंदी’ म्हणतात. राहणीला तो शब्द चिकटून सरकारी दफ्तरात मोठा झाला तो अलीकडे. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये बोजनूर्द या इराणी शहरात तरुणांपुढे बोलताना तेव्हाचे सर्वोच्च नेते आयातुल्ला अली खामेनेई यांनी जीवनशैली हाच विषय घेतला आणि प्रश्नांची रांगच लावली. एकत्र काम करण्याची सवय आपल्यात कमी का, घटस्फोट का वाढले, वाहतुकीचे नियम आपण का पाळत नाही, शेजारधर्म कुठे गेला, सदनिकांमधलं राहणं कसं असावं. मी ते भाषण फारसीत वाचलं तेव्हा चकित झाले होते, कारण यातले अर्धेअधिक प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत निघतात. त्यानंतर तिथल्या विद्यापीठांत या विषयावर लेखांचा आणि प्रबंधांचा पूर आला. तुम्ही यंत्राकडून भाषांतर करून घेतलेत ते लेख त्यातलेच आहेत. ते टाकून देऊ नका, पण एक ध्यानात ठेवा. ज्या विद्यापीठात पोशाखाची शिस्त फाटकावर तपासली जाते, त्याच विद्यापीठाच्या वर्गात बसून त्या मुलांनी ती पत्रकं भरली आहेत. काय लिहिणं बरं, हे त्यांना ठाऊक असतं. आणि लेखांवरचं वर्ष हिजरी सौर असतं. 1391 दिसलं तर 621 मिळवा म्हणजे 2012 येईल. वर्षाचे शेवटचे अडीच-पावणेतीन महिने मात्र पुढच्या इसवी सनात जातात, तिथे 622 मिळवायचे. तुमच्या संदर्भांत दोन ठिकाणी हा घोटाळा झाला आहे.

राहणी कशी असावी हे राज्याने ठरवायचं, ही गोष्ट 1979 च्या क्रांतीपासून सुरू झाली असं तुम्ही प्रस्तावनेत लिहिलं आहे. तेवढं दुरुस्त करा. तेहरान विद्यापीठ 1934 मध्ये स्थापन झालं आणि जानेवारी 1936 मध्ये तेव्हाचा राजा रजा शाह याने बायकांच्या चादरीवर, म्हणजे डोक्यावरून अंगभर घेतात त्या वस्त्रावर, बंदीच घातली. रस्त्यात पोलीस चादरी ओढून काढत. पॅरिसहून डॉक्टरेट करून आलेले विचारवंत अली शरीअती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तेहरानच्या हुसैनिये एर्शाद या धार्मिक सभागृहात व्याख्यानं देत, तेव्हा मुलं-मुली तुडुंब गर्दी करत. कुणाची सक्ती नसताना, उलट तेव्हाच्या शाहच्या (रजा शाहच्या मुलाच्या) राजवटीला नको असताना, कित्येक विद्यार्थिनींनी त्या काळात डोक्याला रुमाल बांधला. मग क्रांती झाली. 1980 मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली विद्यापीठं बंद झाली, ती 1982-83 च्या सुमारास टप्प्याटप्प्याने उघडली. तोवर अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर फेकले गेले होते. 1983 मध्ये हिजाबची सक्ती कायद्यात आली. आजी, आई आणि नात, अशा एकाच घरातल्या तीन पिढ्यांना डोक्यावरच्या कापडाबद्दल तीन वेगळे हुकूम मिळालेले आहेत. म्हणून ‘हिजाब घालता का?’ या तुमच्या सातव्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ यातून काहीही निघत नाही. कुठे, कुणापुढे, कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारल्याशिवाय त्या कापडाला अर्थ येत नाही.

हे मी आमच्या खोलीच्या दारामागे शिकले. दारामागे सहा खिळे होते आणि सहा मगनए टांगलेले असत. मगनए म्हणजे डोक्यावरून घालायचा, हनुवटीखाली शिवलेला, छातीपर्यंत येणारा काळा किंवा निळा हिजाब. विद्यापीठात जाताना तो लागतोच. फाटकावर ‘हेरासत’चं कार्यालय असतं, म्हणजे विद्यापीठाची सुरक्षा आणि शिस्त पाहणारा विभाग. तिथल्या बाई केस किती दिसतात, कोट किती आखूड, नखं रंगवलीत का, हे पाहत. फाटकाच्या अलीकडे दहा पावलांवर सगळ्यांचे हात आपोआप कपाळाशी जात. संध्याकाळी खोलीत आलं की मगनए खिळ्यावर, आणि आत बिनबाह्यांचे सदरे, ओले केस, मोठ्याने गाणी. एखाद दिवशी नळ दुरुस्त करायला माणूस यायचा. तो मजल्यावर पाय ठेवण्याआधी जिन्यातूनच ‘या अल्लाह! या अल्लाह!’ अशी हाळी द्यायचा. मग सगळ्या मजल्यावर पळापळ. जी जिथे असेल तिथे चादर ओढायची, नमाज न पढणारी शिराजची मुलगी सगळ्यांच्या आधी. मी तिला विचारलं, ‘तू का पळतेस? तू तर मानत नाहीस.’ तिला प्रश्नच कळला नाही. ‘तो बिचारा ओरडून सांगतोय ना,’ ती म्हणाली. धर्म, कायदा आणि त्या माणसाची अब्रू राखणं या तिन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकाच घडीत बसल्या होत्या.

‘अब्रू’ हा शब्द मुद्दामच वापरला. तो फारसीच आहे, ‘आबेरू’, चेहऱ्याचं पाणी. तुमच्या विषयात ‘इराणी’ म्हणून जे काही आहे, त्यातलं निम्मं या शब्दाभोवती फिरतं. इराणी शिष्टाचाराला ‘तआरोफ’ म्हणतात हे तुम्ही लिहिलंच आहे. त्याचा सख्खा भाऊ तुमच्याकडून सुटला आहे, तो म्हणजे ‘रूदरवासी’. इंग्रजीत त्याचं भाषांतर करताना माझी नेहमी दमछाक होते, मराठीत मात्र एका शब्दात होतं : भीड. समोरच्याला नाही म्हणवत नाही, मनातलं मागता येत नाही, ती भीड. खोलीतल्या मुली एकमेकींना अभिमानाने सांगत, ‘आपल्यात रूदरवासी नाही.’ म्हणजे आपण आता परक्या नाही. इराणी विद्यार्थ्याच्या जगाचे दोन भाग आहेत : जिथे भीड आहे तो आणि जिथे नाही तो. प्रश्नावली घेऊन येणारी अनोळखी मुलगी भिडेच्या बाजूला उभी असते. तिला मिळतात ती पाहुण्याला द्यायची उत्तरं. त्याला खोटेपणा म्हणू नका. आपल्याकडेही पाहुण्यापुढे फुटका कप कुणी ठेवत नाही.

वर्गातही हेच चालतं. तास संपत आला की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, ‘ओस्ताद, खस्ते नबाशीद!’ शब्दशः अर्थ, ‘सर, तुम्ही थकू नये.’ खरा अर्थ, ‘आता पुरे, सोडा.’ प्राध्यापकालाही तो कळतो, तोही हसून पुस्तक मिटतो. कुणाचा अपमान नाही, आणि तास पाच मिनिटं आधी सुटतो.

अभ्यासक्रमातला ‘इस्लामी’ भाग लवकर सांगून होतो. अभियांत्रिकी असो की चित्रकला, पदवीला काही सामायिक विषय घ्यावेच लागतात : इस्लामी विचार, नीतिशास्त्र, कुराणाचं विवरण, इस्लामी क्रांतीचा इतिहास, फारसी साहित्य, शारीरिक शिक्षण. कुटुंब आणि लोकसंख्या यांवरचाही एक विषय असतो. गुण वीसपैकी. पदवीला उत्तीर्ण व्हायला दहा लागतात, आणि सत्राची सरासरी बाराच्या खाली गेली की विद्यार्थी ‘मश्रूत’ होतो, म्हणजे ताकीद मिळते. हे सामायिक विषय बहुतेकांना सरासरी वर ओढायला उपयोगी पडतात. ‘जोज्वे’, म्हणजे वर्गातल्या टिपणांच्या छायाप्रती, घ्यायच्या आणि आदल्या रात्री वाचायच्या. या तासांनी कुणी धार्मिक झाल्याचं मी पाहिलं नाही, आणि कुणाची श्रद्धा त्यांनी गेल्याचंही नाही.

जेवणाचं मात्र तुम्ही एका प्रश्नात उरकलंत (‘हलाल अन्नच खाता का?’), आणि मला सगळ्यात जास्त हळहळ तिथे वाटली. इराणमध्ये शाकाहारी मैत्रिणीला काय खायला घालायचं ही खरी अडचण असते, हलाल हा प्रश्न कुणाला पडतच नाही. विद्यापीठाच्या मेसला मुलं ‘सेल्फ’ म्हणतात, सेल्फ-सर्व्हिसमधला सेल्फ. जेवणाचं कुपन ते ‘झेतोन’, फ्रेंचमधून आलेला शब्द. भात, राजमा-पालेभाज्यांचं घोर्मे सब्जी, चणाडाळ-मटणाचं घेयमे, जरेश्क नावाची आंबट-लाल फळं घातलेला पुलाव आणि कोंबडी. रात्री खोलीत जमिनीवर सोफरे, म्हणजे जेवण मांडायचं अंथरूण, अंथरायची, बहुतेकदा प्लॅस्टिकची नाहीतर जुन्या वर्तमानपत्राची, आणि एका तव्यात टोमॅटोचं ऑम्लेट. सगळ्यांनी त्याच तव्यात रोट्यांचे तुकडे बुडवायचे. सोफरेवर बसलं की भीड गळून पडते. कुणाच्या घरून पैसे आले नाहीत, कुणाचं लग्न ठरवताहेत, कुणाला देश सोडायचा आहे, हे मला सोफरेवरच कळलं.

आणि सेल्फमध्ये मुलांची आणि मुलींची बाजू वेगळी असते. महसा अमीनी या तरुणीचा 16 सप्टेंबर 2022 रोजी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. हिजाबवरूनच तिला पकडलं होतं. त्यानंतरच्या आंदोलनात, ऑक्टोबरमध्ये, शरीफ तंत्रविद्यापीठासह अनेक ठिकाणी मुलामुलींनी ती विभागणी मोडली आणि एकत्र बसून जेवले. कुठे कुठे मेस बंद ठेवली तर बाहेर जमिनीवर सोफरे अंथरून जेवले. बाहेरच्या जगाने घोषणा ऐकल्या. मला ती जमिनीवरची सोफरे दिसली. खोलीत जे आधीपासून होतं, ते त्यांनी अंगणात आणून मांडलं होतं. ‘इस्लामी की इराणी’ असा प्रश्न त्या पंगतीला विचारून पाहा, उत्तर येणार नाही.

मुलींविषयी आणखी एक. विद्यापीठ प्रवेशात मुलींचं प्रमाण 2000 नंतरच्या दशकात 60 टक्क्यांच्या वर गेलं होतं. 2012 मध्ये, म्हणजे बोजनूर्दचं भाषण झालं त्याच वर्षी, 36 विद्यापीठांनी 77 अभ्यासक्रम मुलींना बंद केले. गंमत वाटेल, पण सक्तीच्या हिजाबमुळेच लहान गावांतल्या कितीतरी धार्मिक घरांनी मुलींना परगावी वसतिगृहात पाठवायला परवानगी दिली. जाहेदानच्या माझ्या मैत्रिणीचे वडील त्यातलेच. तिला दाराबाहेर काढणारं कापड आणि फाटकावर अडवणारं कापड एकच होतं. तुमच्या प्रबंधात या एका मुद्द्याला स्वतंत्र प्रकरण द्या असं मी म्हणेन.

सणांचे तुमचे प्रश्न दोन वेगळ्या तक्त्यांत आहेत : इराणी सण (नौरोज म्हणजे नववर्ष, यल्दा म्हणजे हिवाळ्यातली सगळ्यात मोठी रात्र, सीज्देबेदर म्हणजे नववर्षाचा तेरावा दिवस) आणि इस्लामी दिवस (रमजान, मोहरम). तक्ते मोडा. चांद्र वर्ष सरकत राहतं, सौर जागच्या जागी राहतं, त्यामुळे ते दोन्ही एकमेकांवर येऊन पडतात आणि खरी गंमत तिथेच असते. 2025 मध्ये नौरोज रमजानात, हजरत अलींच्या शोकाच्या दिवसांत आला होता. मी अनुभवलेला 2002 चा नौरोज मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत आला. सुटीमुळे वसतिगृह रिकामं, आमच्यासारख्या राहिलेल्यांसाठी एक मजला उघडा. जाहेदानच्या मुलीला बसचं तिकीट मिळालं नव्हतं, शिराजच्या मुलीचं घरी भांडण होतं. 20 मार्चच्या रात्री पावणेअकराच्या सुमाराला वर्ष पालटणार होतं. ताटलीत पंधरा दिवस उगवत ठेवलेल्या मसुरीच्या कोंबांना शिराजवाली लाल रिबीन बांधत असे, त्या वर्षी तिने काळी दोरीही बांधली नाही, लालही नाही, तशीच ठेवली. नौरोजला मांडतात ते सफरचंद, लसूण, सुमाकची आंबट पूड, व्हिनेगर, नाणं, संजदची सुकी फळं, सगळं मांडलं. उरला समनू, गव्हाच्या कोंबांचा गोड घट्ट रस, तो शेजारच्या बेकरीवाल्याने वाटीभर दिला. अंगात काळे कपडे, टाळ्या नाहीत, गाणं नाही. घड्याळ पाहत तिने वर्षारंभाची अरबी दुआ म्हटली, हृदयं पालटणाऱ्या परमेश्वराला केलेली. मग आम्ही गालाला गाल लावून शुभेच्छा दिल्या आणि ती रडली. मोहरमात ज्यांचा शोक करतात त्या हुसैनसाठी की आईसाठी, मी विचारलं नाही. शिया शोकाशी फारसा संबंध नसलेली बलुच मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. बाहेरून मातमचा आवाज येत होता.

हे तक्त्यात कसं मांडणार, ते तुम्ही ठरवा. मी फक्त प्रश्नांची घडण सुचवते. ‘पाळता का’, ‘मानता का’ अशी क्रियापदं काढा. ‘काल’ आणि ‘गेल्या वेळी’ आणा. काल दुपारी कुठे जेवलात, कुणाबरोबर? गेल्या मोहरमात कुणाच्या घरची नज्री खाल्लीत? (नज्री म्हणजे नवसाचं अन्न, वाटायचंच असतं, न मानणाराही रांगेत उभा राहतो.) गेल्या यल्दाच्या रात्री कुठे होतात, हाफिजची फाल (त्या कवीचं पुस्तक उघडून पाहायचं भविष्य) कुणी काढली? आईशी शेवटचं बोलणं कशावरून झालं? चाळीस प्रश्न नकोत. असे दहा पुरेत, आणि माणसंही दहा-बाराच, पण दोन-दोनदा भेटून. शिवाय पुण्यातला इराणी विद्यार्थी म्हणजे तेहरानचा विद्यार्थी नव्हे. इथे तो परका आहे, नौरोज त्याच्या परीक्षेच्या धामधुमीत येतो, 2018 नंतर रियाल कोसळल्यामुळे घरून येणारा पैसा निम्म्याचाही राहिला नाही. दोन्ही गटांची उत्तरं एकत्र मिसळू नका.

सगळ्यात कळकळीची विनंती आता करते. तेहरानमधल्या मुलांना व्हॉट्सॲपवरून प्रश्नावली पाठवण्याचा बेत सोडून द्या. हिजाब, मद्य, आंदोलन, लग्नाशिवाय एकत्र राहणं, यांतल्या कशावरही लेखी उत्तर म्हणजे त्यांच्यासाठी पुरावा. चळवळीत दिसलेल्या मुलांना पुढच्या शिक्षणाचा प्रवेश नाकारला गेल्याची उदाहरणं आहेत, अशांना तिथे ‘सेतारेदार’ म्हणतात, नावापुढे तारा लागलेले. ‘धर्म’ हा रकानाही काढा. बहाई या अल्पसंख्य धर्माच्या विद्यार्थ्यांना क्रांतीनंतर विद्यापीठाची दारंच बंद झाली, म्हणून 1987 मध्ये त्यांनी घराघरांतून स्वतःची उच्च शिक्षणाची व्यवस्था उभी केली. पुण्यात तुमच्यासमोर बसलेला मुलगा त्यातला असू शकतो. त्याला चौकट भरायला लावू नका, सांगायचं असेल तर तो सांगेल. टिपणांत नावं, गावं, विद्यापीठं बदला आणि ध्वनिमुद्रण करू नका. तिथे जाऊन काम करण्याचा विचार मनात असेल तर तोही सध्या नको. जून 2025 च्या युद्धात तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांना ऑपरेशन सिंधूतून परत आणावं लागलं होतं, हे तुमच्या घरच्यांनाही आठवत असेल.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका, थोडी मिठाई न्या. चहा येईल, तो घ्याच. साखर चहात घालायची नाही, खडा दातात धरून चहा प्यायचा. पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू दे. जेवायला थांबा असा आग्रह पहिल्यांदा झाला तर ती भीड असू शकते, तिसऱ्यांदा झाला तर थांबा, आणि बसायला जागा विचारतील तेव्हा खुर्ची नको म्हणून सोफरेजवळ खाली बसा.